बाथरूमला नक्की कसला वास येतोय?

जूनपासून आमच्या आतल्या बाथरूममधे वास मारायला लागला. मी म्हटलं नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी गटारात सोडणारा भाग), दुसरं काय असणार, जाळी उघडली, आतली वाटी काढली, केसांचा गोळा बाहेर काढला (वर्णन करत नाही, कुणी जेवत असेल), मग सोडा, व्हिनेगर, गरम पाणी, डांबरगोळ्या सगळं करून झालं. दोन दिवस नुसता डांबरगोळीचा वास आणि तिसऱ्या दिवशी परत तोच.

मग आई राहायला आली. आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "अरे, हा गटाराचा वास नाहीये. ओल्या गोणपाटाचा आहे."

मी इतके दिवस दोन्ही वास एकच धरून चाललो होतो! ट्रॅपमधे दोनेक इंच पाणी साठलेलं असतं ना, तेच गटाराचा वास अडवतं, ते आटलं की सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो. पण रोज आंघोळ होणाऱ्या बाथरूममधे ते आटेल कशाला? कुबट वास म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

प्लंबरला बोलावलं. त्याने दोन टाइल्सवर टकटक केलं आणि सांगितलं वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळं फोडावं लागेल, 80 हजार. मी जवळजवळ हो म्हणालो होतो, हिने अडवलं.

रविवारी बेडरूममधलं कपाट ओढलं, त्याच्या मागे बाथरूमचीच भिंत आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेले, कपाटाच्या प्लायवर काळे ठिपके. पोळ्या गुंडाळायची फॉइल घेतली आणि त्या डागावर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवली. वरून ओली असती तर हवेतला दमटपणा, पण आतल्या बाजूला थेंब होते म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं. आणि डाग जमिनीपासून साधारण दीड फुटावर सुरू होऊन खाली उतरत होता. फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं असतं तर ओल खालून वर चढली असती की नाही?

टेपने दाराच्या चौकटीपासून अंतर मोजलं आणि पलीकडे जाऊन तेवढंच मोजलं तर बरोबर जेट स्प्रेचा कॉक! कॉक कोरडा ठणठणीत. पण त्याच्या मागे भिंतीला टेकलेली ती स्टीलची वाटी असते, ती नखाने पुढे ओढली, टिश्यूची सुरळी करून आत घातली, ओलीचिंब. टॉर्च मारून बघत बसलो. चाळीसेक सेकंदांनी एक थेंब यायचा आणि गुपचूप टाइलमागे जायचा. हिशोब केला, दिवसाला छोटा कपभर पाणी, किती महिने कोण जाणे. कॉक बंद करूनही थांबेना, कारण गळती कॉकच्या मागे होती, तिथे कुणीतरी दोन आखूड एक्स्टेंशन (भिंतीतला पाइप आणि कॉक जोडणारे तुकडे) एकाला एक जोडून वेळ मारून नेली होती.

दुसरा प्लंबर आला, गच्चीवरचा आमच्या लाइनचा वॉल्व्ह बंद केला, दोन्ही काढून पितळेचं एकच लांब एक्स्टेंशन टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवलं. वीस मिनिटं, 650 रुपये.

वास अजून पूर्ण गेलेला नाही, भिंत वाळायला वेळ लागतोच. कपाट अजून फूटभर पुढेच आहे आणि रात्री उठलं की माझा गुडघा रोज त्यावर आपटतो. रंगाऱ्याला सांगितलंय, फॉइल आतून कोरडी निघाल्याशिवाय यायचं नाही.

आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण तो केसांचा गोळा कुणाचा होता?"