डेना गावच्या एका घराचा शोध : तिसऱ्या हंगामाची नोंद

मॅसॅच्युसेट्समधील क्वाबिन जलाशयासाठी उठवलेल्या चार गावांपैकी डेना या गावातील एका शेतकरी घराचा मागोवा मी तीन वर्षे घेत आहे. नोव्हेंबरात पानगळ झाल्यावर रानातले दगडी गडगे आणि घरांची जोती उघडी पडतात व एप्रिलअखेर पुन्हा झाकली जातात, म्हणून मी कामाची मोजणी वर्षांत न करता हंगामांत करतो. हे कुटुंब गाव सोडून नेमके कधी गेले, हा मोठा गुंता या हंगामात सुटला. तो ज्या क्रमाने सुटला, तो क्रम या छंदात असलेल्यांना उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे तपशीलवार लिहीत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बॉस्टनच्या पाणीपुरवठ्यासाठी स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात धरण बांधण्याचा कायदा १९२७ मध्ये झाला आणि डेना, एनफील्ड, ग्रीनिच व प्रेस्कॉट ही चार गावे २८ एप्रिल १९३८ रोजी कायद्याने अस्तित्वातून गेली. आदल्या रात्री एनफील्डच्या नगरभवनात निरोपाचा नृत्यसमारंभ झाला होता. सुमारे अडीच हजार माणसे विस्थापित झाली आणि साडेसात हजारांहून अधिक थडगी उकरून दुसरीकडे हलवण्यात आली. जलाशय १९३९ पासून भरू लागला आणि १९४६ मध्ये पूर्ण भरला. त्याची क्षमता ४१२ अब्ज गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ५५ टीएमसी आहे. डेनाचा मुख्य चौक मात्र पाण्याबाहेर राहिला, आणि पीटरशॅमजवळच्या ४० क्रमांकाच्या फाटकातून तीनेक किलोमीटर चालत गेल्यास आजही तिथे पोहोचता येते.

माझ्या शोधाचा मुख्य आधार म्हणजे नव्वदी ओलांडलेल्या एक बाई. त्यांचा जन्म १९३१ मध्ये डेना येथे झाला. पहिल्या वर्षी मी त्यांची दीड तासाची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. मॅसॅच्युसेट्समध्ये समोरच्याला कळवल्याशिवाय त्याचे बोलणे मुद्रित करता येत नाही, म्हणून मी लेखी संमती घेतोच, शिवाय ध्वनिमुद्रणाच्या आरंभी त्यांच्या तोंडूनही ती वदवून घेतो. एवढी काळजी घेऊनही त्या मुलाखतीत माझ्याकडून मोठी चूक झाली होती आणि ती कळायला दोन वर्षे गेली. "तुम्ही १९३८ साली गाव सोडले ना?" असे मी विचारले होते, बाईंनी "हो" म्हटले होते, आणि त्यांच्या त्या होकारावर मी सगळी कालरेषा उभी केली होती.

पहिला धक्का १९४० च्या जनगणनेने दिला. अमेरिकेच्या जनगणनेतील वैयक्तिक माहिती ७२ वर्षांनी खुली होते, त्यानुसार हे तक्ते २ एप्रिल २०१२ पासून सर्वांना पाहता येतात. विस्थापितांचा माग काढणाऱ्यांसाठी त्यांतला एक रकाना फार मोलाचा आहे : १ एप्रिल १९३५ रोजी ही व्यक्ती कुठे राहत होती, हा प्रश्न त्या वेळी विचारण्यात आला होता. नकाशावरून पुसलेल्या गावांची नावे शेजारच्या गावांच्या तक्त्यांत याच रकान्यात सापडतात. बाईंच्या कुटुंबापुढे मात्र डेना असे लिहिलेले नव्हते; पाचही माणसांपुढे, १९३५ मध्येही याच (म्हणजे १९४० मध्ये ते राहत असलेल्या नव्या) गावात, अशी नोंद होती. हे खरे मानले तर बाईंनी चार वर्षांच्या आतच डेना सोडले असणार, आणि त्यांनी सांगितलेल्या घराच्या, शाळेच्या व गोठ्याच्या आठवणी आई-वडिलांकडून ऐकलेल्या असणार, असे म्हणावे लागले असते. मी जवळजवळ तसे लिहूनही टाकले होते.

मग त्या तक्त्यातले एक बारीक चिन्ह लक्षात आले. जनगणना अधिकाऱ्याला माहिती नेमकी कोणी दिली, हे १९४० च्या तक्त्यात त्या व्यक्तीच्या नावापुढे वर्तुळातल्या फुलीने दाखवलेले असते. या घरात ती फुली आजीच्या, म्हणजे बाईंच्या वडिलांच्या आईच्या, नावापुढे होती. कौटुंबिक बायबलमधील जन्म-मृत्यूंच्या पानांवर, आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत असाव्यात तशा, तीन पिढ्यांच्या नोंदी होत्या आणि त्यांत आजोबांचा मृत्यू १९३३ चा होता. बाईंना याविषयी विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितले की, आजोबा गेल्यानंतर आजी नव्या गावी आपल्या मुलीकडे राहायला गेली होती आणि बाकीचे सर्वजण पुढे तिथे आले. आजीने स्वतःपुरते खरे असलेले उत्तर सर्वांच्या नावे दिले असावे, हा माझा तर्क आहे. ज्याला आपण कागदोपत्री पुरावा म्हणतो, तो तक्ता मुळात दारात उभे राहून ऐकलेली तोंडी माहितीच होता.

यानंतर खरेदीखताकडे वळलो. डेना हे वूस्टर काउंटीत होते आणि बाकीची तीन गावे हॅम्पशायर काउंटीत. खोरे एकच म्हणून पहिल्या वर्षी मी चुकीच्या काउंटीचे दस्त चाळत बसलो होतो, ती चूक कोणी करू नये. वूस्टरच्या नोंदणीत घर, गोठा आणि ४२ एकर जमीन जलआयोगाला, म्हणजे जलाशयासाठी जमिनी संपादन करणाऱ्या सरकारी मंडळाला, विकल्याचे खत मिळाले, ते नोव्हेंबर १९३५ चे. परंतु खताची तारीख ही घर सोडल्याची तारीख नव्हे. बुडीत क्षेत्रातल्या पुष्कळ लोकांनी जमीन विकल्यावर तेच घर आयोगाकडून भाड्याने घेतले होते आणि ते तिथेच राहत होते.

उत्तर शेवटी दुधाच्या हिशेबाने दिले. बाईंच्या भाच्याकडे माळ्यावरच्या पेटीत बाईंच्या वडिलांची खातेवही निघाली. खोऱ्यातून जाणारी रेल्वे, जिला लोक प्रेमाने 'रॅबिट' म्हणत, १९३५ मध्ये बंद झाली. त्यानंतर वहीत रेल्वेभाड्याऐवजी ट्रकवाल्याचे पैसे दिसू लागतात. दुधाची शेवटची नोंद एप्रिल १९३७ ची आहे, आणि त्याखाली तीन गायी विकल्याची रक्कम आहे. गोठा रिकामा झाल्यानंतर हे कुटुंब तिथे फार काळ राहिले असेल असे मला वाटत नाही. म्हणजे बाई सहाव्या वर्षी गाव सोडून निघाल्या, आणि त्यांच्या आठवणी बहुतांशी त्यांच्या स्वतःच्याच आहेत.

या हंगामात बाईंना पुन्हा भेटलो तेव्हा मी एकही सन उच्चारला नाही. मार्च १९३६ चा पूर आणि सप्टेंबर १९३८ चे वादळ हे दोन टप्पे या भागातील वृद्धांच्या मनात पक्के आहेत, म्हणून फक्त पुराच्या आधी की नंतर, वादळाच्या आधी की नंतर, एवढेच विचारत गेलो. पुराच्या वेळी आपण जुन्या घरी होतो आणि वादळात नव्या घराची धुरांडी पडली, असे बाईंनी न अडखळता सांगितले. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

दुसरा प्रयोग घराच्या आराखड्याचा. जलआयोगाने संपादनाच्या वेळी खोऱ्यातील घरांची व गोठ्यांची छायाचित्रे काढून ठेवली होती, ती आज सार्वजनिक संग्रहात पाहता येतात आणि त्यांवर मालकाचे नाव, गाव व तारीख असते. या घराचे छायाचित्र माझ्याजवळ होते. तरी ते न दाखवता मी आधी बाईंना कागद-पेन्सिल दिली. स्वयंपाकघरातला हातपंप, तिथून सरपणाच्या पडवीतून थेट गोठ्यात जाणारी वाट, असे सारे त्यांनी काढले. हिवाळ्यात बर्फात पाऊल न टाकता गुरांपर्यंत जाता यावे म्हणून न्यू इंग्लंडमध्ये घर आणि गोठा असे जोडून बांधत. छायाचित्राशी सगळे जुळले, फक्त ओसरी उजवीऐवजी डावीकडे आली. मी ती चूक म्हणून टिपून घेत होतो, तेव्हा बाई म्हणाल्या, "मी आतून बघतेय." छायाचित्रकार रस्त्यावर उभा होता आणि सहा वर्षांची मुलगी घरात. तेव्हापासून प्रत्येक आराखड्यावर सांगणारी व्यक्ती मनाने कुठे उभी आहे ते मी लिहून ठेवतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो आराखडा घेऊन मी जागेवर गेलो. जोत्याच्या दगडांवरून घराची लांबी पावलांनी मोजली, आणि रस्त्याकडेच्या कोपऱ्यात, जिथे बाईंनी लायलॅकचे झाड दाखवले होते, तिथे त्याची झुडपे अजून उभी असलेली पाहिली. तिथली कोणतीही वस्तू उचलण्यास बंदी आहे आणि ती मला योग्य वाटते. मी केवळ छायाचित्रे घेतली. बाईंना ती दाखवली तेव्हा त्यांनी झाडाकडे न पाहता मागच्या गडग्यातल्या एका मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि तिथून गायी आत येत, असे सांगितले. ती वाट गोठ्याच्या कोणत्या बाजूला निघते, हे नोव्हेंबरात पाने पडल्यावर पाहायचे आहे.