राम नाईक : फाइल बंद होईपर्यंत मागे लागणारा खासदार

उत्तर मुंबईत ज्यांची हयात गेली त्यांना राम नाईक कोण हे सांगावं लागत नाही, पण आत्ताच्या पंचविशीतल्या पोरांना विचारा, "ते गोविंदाकडून हरले ना, ते?" एवढंच येतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. २००४ च्या त्या पराभवाआधी हा माणूस सलग आठ निवडणुका जिंकलाय! १९७८ पासून बोरिवलीचे तीनदा आमदार, मग १९८९ पासून पाचदा खासदार.

जन्म १९३४ चा, सांगलीचा. शाळा आटपाडीला, बी.कॉम. पुण्याला, वकिली मुंबईत, आणि नोकरी कुठे तर अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात. नंतर खाजगी कंपनीत बरं चाललेलं असताना १९६९ मध्ये तेही सोडून जनसंघाचं पूर्णवेळ काम धरलं. पक्के संघाचे, त्यात कधी लपवाछपवी नाही. पण मला वाटतं त्यांची खरी घडण त्या हिशेबाच्या ऑफिसात आणि गोरेगावच्या प्लॅटफॉर्मवर झाली. १९६४ मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला, म्हणजे आमदारकीच्या चौदा वर्षं आधीपासून लोकलच्या गर्दीचे अर्ज रेल्वेकडे देणं चालू होतं. डहाणूपर्यंत लोकल २०१३ ला गेली तेव्हा ते खासदारही नव्हते, पण पाठपुरावा त्यांचा होताच.

विचारांनी सनातनी म्हणा, उजवे म्हणा, पण ते विचार सभेत ओरडून सांगण्यापेक्षा सभागृहाच्या नियमात बसवून आणायचे ही त्यांची पद्धत. संसदेत 'जन गण मन' आणि 'वंदे मातरम्' सुरू झालं १९९२ मध्ये, ते त्यांनी विषय लावून धरला म्हणून. बॉम्बेचं अधिकृत मुंबई व्हावं म्हणून दिल्लीत तेच मागे लागलेले, १९९५ ला झालं. आणि याच माणसाने विरोधी बाकावर बसून आईच्या दुधाला प्रोत्साहन मिळावं, बाळांच्या डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींना लगाम बसावा म्हणून खाजगी विधेयक आणलं, ज्यातून पुढे सरकारने १९९२ चा कायदा केला. मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेल्या अशा खाजगी विधेयकांचा एरवी क्वचितच कायदा होतो, म्हणून मला हे फार मोठं वाटतं. खासदार निधीची कल्पनाही त्यांनीच लावून धरली होती, नरसिंह रावांनी डिसेंबर १९९३ मध्ये योजना जाहीर केली. तुमच्या गल्लीतल्या समाजमंदिरावर 'खासदार निधीतून' अशी पाटी असते ना, त्याची सुरुवात तिथली. १९९४ ला कॅन्सर झाला, त्यातूनही उठून परत कामाला.

पेट्रोलियम मंत्री झाले १९९९ ला, तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची, वेटिंग लिस्ट एक कोटीच्या वर होती. ती त्यांनी संपवली. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना विचारा, त्या अजून सांगतात.

सगळ्यात जास्त आदर मला वाटतो तो त्यांच्या वार्षिक अहवालाचा. दरवर्षी छापील पुस्तिका, सभागृहात कुठले प्रश्न विचारले, कुठल्या कामाचा पाठपुरावा केला, सगळं त्यात. आमदार असल्यापासूनची सवय, पुढे उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाल्यावरही (२०१४ ते २०१९) राजभवनाचा अहवाल काढला, जो राज्यपालाकडे कोणी मागतसुद्धा नाही. आमच्या वॉर्डात मी अशी पुस्तिका दुसऱ्या कोणाचीच पाहिली नाहीये, आणि निवडून आलेल्या प्रत्येकाने ती काढलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पक्ष कुठलाही असो.

२००९ ला परत हरले, सहा हजारांच्याही आतल्या फरकाने. पण तारापूरच्या अणुवीज प्रकल्पामुळे उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांसाठी हायकोर्टात ते स्वतः उभे राहून बाजू मांडत होते. पद नाही, आणि हरल्यानंतर ती गावं मतं देऊन परतफेड करतील असंही काही नव्हतं. २०२४ ला पद्मभूषण मिळालं तेव्हा बातम्यांत राज्यपाल आणि मंत्री एवढंच आलं, तारापूरचं नाव मला कुठे दिसलं नाही, म्हणून इथे लिहितोय.