प्रयोगवही: दुधाचं नेमकं काम काय?

गेल्या नोंदीनंतर वही बरीच भरली. ब्रेड, व्हाइट सॉस, कस्टर्ड आणि दही हे पदार्थ मी गाईचं दूध, सोया, ओट, बदाम आणि नारळाचं दूध वापरून आलटून पालटून करते आहे. पद्धत तीच: एका वेळी फक्त दूध बदलायचं, बाकी सगळं वजनकाट्यावर मोजून होतं तेवढंच. आणि आता मला ठामपणे वाटतं, की ‘दुधाऐवजी कोणतं दूध चालेल?’ हा प्रश्न विचारण्याआधी त्या पदार्थात दूध काय काम करतंय ते बघावं. काम कळलं की उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. उरलेल्या भागात स्निग्धांश, प्रथिनं, लॅक्टोज ही साखर आणि कॅल्शियमसारखे क्षार. पॅनकेकच्या पिठाला यातलं मुख्यतः पाणी हवं असतं, त्यामुळे तिथे कुठलंही दूध घ्या, फारसं बिघडत नाही. बदामाच्या पातळ दुधात चमचाभर तेल घातलं की मऊपणाही येतो. त्यावर मी जास्त वेळ घालवला नाही.

ब्रेडची गोष्ट वेगळी. बेकिंगच्या यीस्टला लॅक्टोज पचत नाही. पीठ कितीही वेळ फुगवत ठेवलं तरी ती साखर तशीच राहते आणि ओव्हनमध्ये प्रथिनांशी तिची प्रक्रिया होऊन कवच छान तांबूस होतं. विकतच्या ओट दुधातली साखर बहुतेक माल्टोज असते आणि ती यीस्ट आवडीने खातं. त्यामुळे पीठ जास्त वेळ आंबवलं की ब्रेड फिका निघण्याचा संभव वाढतो. सोया दुधात प्रथिनं भरपूर, १०० मिलिलिटरला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. बिनसाखरेच्या सोया दुधात थोडी साखर घालून केलेल्या ब्रेडला मला सगळ्यात चांगला रंग मिळाला. वरून ब्रशने लावायलाही सोया दूधच घेते. बदामाचं दूध लावून काहीच फरक दिसत नाही, कारण विकतच्या बदाम दुधात प्रथिनं नावालाच असतात.

गाईचं दूध ब्रेडमध्ये वापरत असाल तर ते आधी ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि कोमट करून मग पिठात घाला. दुधातली व्हे प्रथिनं न तापवता गेली तर ग्लूटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या गव्हातल्या चिवट प्रथिनांची, पकड ढिली करतात आणि ब्रेड कमी फुगतो. जुन्या पाककृतींमध्ये ही सूचना हटकून असते आणि अनेक जण ती वगळतात. पाश्चरायझेशनला एवढी उष्णता लागत नाही, त्यामुळे पिशवीतल्या किंवा बाटलीतल्या दुधालाही ती लागू आहे. मी दोन्ही ब्रेड शेजारी ठेवून पाहिले: तापवलेल्या दुधाचा ब्रेड उंच आणि आतून जास्त मऊ.

व्हाइट सॉसमध्ये दाटपणा मैद्यातला स्टार्च आणतो, म्हणून तिथे प्रथिनांची चिंता नको. चिंता करायची ती चवीची. ‘ओरिजिनल’ असं लिहिलेल्या पाकिटांमध्येही पुष्कळदा साखर असते, तेव्हा घटकांची यादी वाचूनच घ्या. ओट दुधाचा सॉस मला लोण्या-मैद्याच्या सॉसइतकाच भरदार लागतो, फक्त मैदा थोडा कमी घ्यावा लागतो.

सॉस किंवा सूप फुटण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.७ च्या आसपास असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन एकत्र येऊन दूध फाटतं. पण दूध गरम असेल तर त्याच्या बरंच आधी फाटतं. सोयाची प्रथिनंही आम्लाला अशीच बिथरतात, त्यात पाकिटातल्या सोया दुधात वरून कॅल्शियम घातलेलं असेल तर आणखी लवकर. कडक कॉफीत सोया दुधाच्या गुठळ्या होतात त्या याच कारणाने: आम्ल आणि उष्णता एकदम अंगावर येतात. कॉफीसाठी खास ‘बरिस्ता’ म्हणून मिळणाऱ्या दुधांच्या घटकांच्या यादीत डायपोटॅशियम फॉस्फेट दिसेल. ते आम्लाचा जोर सौम्य करण्यासाठी असतं. घरी उपाय सोपा आहे. दूध आधी कोमट करा, कपात दूध आधी घ्या आणि कॉफी धार धरून सावकाश ओता. टोमॅटो सूपलाही तेच तत्त्व लावते. दूध थेट ओतण्याऐवजी त्याचा पातळ व्हाइट सॉस करायचा आणि त्यात सूप थोडं थोडं मिसळायचं. फुगलेला स्टार्च प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. ही युक्ती पाचही दुधांवर चालली.

आता कस्टर्ड, म्हणजे या फेरीतला माझा सर्वांत आवडता भाग. अंड्याचं कस्टर्ड अंड्यातल्या प्रथिनांमुळे धरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती प्रथिनं विरळ द्रावणात सलग धरण्यासाठी क्षार लागतात आणि ते दुधातून येतात. अंडं नुसत्या पाण्यात फेटून वाफवलं तर एकसंध न होता विस्कळीत गुठळ्या होतात. त्यात चिमूटभर मीठ घातलं की चित्र बदलतं. घरच्या गाळलेल्या बदाम दुधाचं कस्टर्ड लिबलिबीत होत होतं, तिथे हीच चिमूट कामी आली. सोया दुधाचं कस्टर्ड काहीही न करता छान धरतं.

कॉर्नफ्लोअरच्या कस्टर्डला हे गणित लागू नाही, ते कुठल्याही दुधात दाट होतं. मात्र त्यात अंड्याचा बलक असेल तर मिश्रणाला नीट उकळी येऊ द्या आणि मिनिटभर ढवळत ठेवा. बलकात अमायलेज नावाचं विकर असतं. ते जिवंत राहिलं तर स्टार्च तोडत बसतं आणि रात्री दाट दिसणारं कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं मिळतं. न शिजवता थंड दुधात घुसळायच्या इन्स्टंट पुडिंगच्या पाकिटांत वनस्पतिजन्य दूध वापरू नये. त्यातले फॉस्फेट दुधातल्या केसीन आणि कॅल्शियमशी मिळून पुडिंग घट्ट करतात, आणि केसीन फक्त प्राण्यांच्या दुधात असतं.

याच अमायलेजचा उपयोग ओट दुधात मुद्दाम केला जातो. १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे यांनी ओट्समधला स्टार्च विकरांनी तोडून ओट दूध तयार करण्याची पद्धत विकसित केली. म्हणून विकतचं ओट दूध वरून साखर न घालताही गोडसर लागतं आणि तापवलं तरी खळीसारखं होत नाही. घरच्या ओट दुधात स्टार्च शाबूत असतो. बुळबुळीतपणा कमी ठेवायचा तर पाणी बर्फासारखं थंड घ्या, मिक्सर अर्ध्या मिनिटाच्या वर फिरवू नका आणि गाळताना फडकं पिळू नका. ते तापवलं की दाट होणारच, त्यामुळे मी ते कॉफीत घालत नाही. सूप आणि सॉससाठी मात्र राखून ठेवते, तिथे तो दाटपणा हवाच असतो.

घरच्या सोया दुधाची एक खबरदारी: ते लवकर फेसाळतं आणि उकळी यायच्या आधीच उतू जातं. फेस आला म्हणजे शिजलं असं समजू नका. मोठं पातेलं घ्या आणि मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा. कच्च्या सोयाबीनमधले पचनाला अडथळा आणणारे घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात. भिजवलेले दाणे कडकडीत पाण्यात वाटले तर तो हिरवट वासही बराच कमी होतो, कारण वास निर्माण करणारं लायपॉक्सिजनेज हे विकर तिथल्या तिथे मरतं. या दुधात थोडी साखर आणि विरजण घालून ४०–४३ अंशांवर ठेवलं की खरोखर घट्ट दही लागतं. बदामाच्या दुधाला आंबटपणा येतो, पण ते धरत नाही, खाली पाणी सुटतं.

नारळाच्या दुधावर थोडक्यात. घट्ट दुधात स्निग्धांश २० टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा केकमध्ये ते घेताना लोणी त्या हिशेबाने कमी करा. सॉसमध्ये शेवटी घाला आणि खळखळून उकळू नका, नाहीतर तेल वेगळं होतं.

पुढच्या फेरीसाठी कॅल्शियम घातलेलं आणि न घातलेलं अशी दोन सोया दुधं आणून ठेवली आहेत. एकाच अंड्याच्या मिश्रणाचे दोन भाग करून दोन्हींचं कस्टर्ड एकाच वाफेवर लावणार आहे. ब्रेडसाठी सोया आणि ओट निम्मं-निम्मं मिसळून बघायचं आहे, कवचाच्या रंगाकडे विशेष लक्ष ठेवून. या मिश्रणाचा ब्रेड कुणी केला असेल तर पिठाच्या आणि दुधाच्या वजनासकट मला कळवा.