शून्य वेगळं, ‘नोंद नाही’ वेगळं

सातारा जिल्ह्यातल्या आपल्या शाळेच्या पटांगणात, ध्वजस्तंभाच्या मागे एक लाकडी खुंट होता. त्याला तारेनं एक काचेची लोणच्याची बरणी बांधलेली असे. वरपासून खालपर्यंत सरळ, गळा नसलेली. बाहेरून पट्टीच्या खुणा केलेला कागद डकवलेला आणि तो भिजू नये म्हणून त्यावर मेणबत्तीचं मेण चोळलेलं. हे आपल्या शाळेचं पर्जन्यमापक. १९८७ च्या जूनमध्ये मी पाचवीत आलो, तेव्हा ते मला पहिल्यांदा दिसलं.

बरणी मोठी असो की लहान, भिंती सरळ असल्या की मिलिमीटर तेच भरतात, हे आम्हांला खरं वाटेना. मग विज्ञानाच्या बाईंनी एक रात्र दोन वेगवेगळ्या बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या. सकाळी दोन्हींत पाणी सारख्याच उंचीला! एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हेही त्यांनी अंगणात खडूनं चौकोन आखून, त्यात तांब्यानं पाणी ओतून दाखवलं. तो चौकोन अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खातंही त्याच वेळी मोजतं, म्हणून आपणही तेव्हाच, असं बाईंचं म्हणणं. शाळा अकराला भरायची. म्हणून शाळेजवळ घरं असलेल्या आम्हां सात-आठ जणांच्या पाळ्या लावलेल्या. वाचलेला आकडा लिहायचा ऋतुवहीत. ती निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही. डाव्या पानावर तारीख, नक्षत्र, पाऊस. उजव्या पानावर त्या दिवशी काय दिसलं ते.

नक्षत्र मुद्दाम लिहायला लावलेलं. आमच्या घरी आजी जून-जुलै म्हणतच नसे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू असंच बोलणं. बाईंनी ते पुस्तकाबाहेरचं म्हणून बाजूला टाकलं नाही. फळ्यावर ३६५ ला २७ नं भागायला लावलं. साडेतेराच्या आसपास उत्तर आलं. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, हे मी घरी जाऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मग आम्ही काय वेगळं म्हणत होतो?”

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. आर्द्राच्या पावसात माझी पाळी होती. रात्रभर धो-धो कोसळत होता. सकाळी गोधडीतून निघवेना. मी गेलो नाही. अकराला शाळेत पोहोचल्यावर अंदाजानं वहीत ‘२२’ लिहून टाकलं. बाईंनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बरणी कुठं होती रे सकाळी?” मी म्हणालो, “खुंटालाच.” बरणीवरचा कागद सुटला होता म्हणून आदल्या संध्याकाळी बाई ती घरी घेऊन गेल्या होत्या. रात्रभर ती त्यांच्या फडताळात कोरडी ठणठणीत बसली होती.

मला मार बसला नाही, अंगठे धरायला लावले नाहीत. बाईंनी लाल शाईच्या पेननं माझा ‘२२’ खोडला आणि त्यापुढे लिहिलं, ‘नोंद नाही’. एका मुलानं विचारलं, “बाई, मग शून्य लिहूया का?” त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, “शून्य म्हणजे आपण पाहिलं आणि पाऊस नव्हता. नोंद नाही म्हणजे आपण पाहिलंच नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शून्याचा सरासरीत हिशेब होतो. न पाहिलेल्याचा कसा करणार?” त्या महिन्याची सरासरी आम्ही काढली ती तीसऐवजी एकोणतीस दिवसांची. माझ्यामुळे एक दिवस कमी झाला, हे प्रत्येक बेरजेला टोचत राहिलं.

उजव्या पानांवरची धमाल वेगळीच. पहिल्या पावसानंतर बांधावर मृगाचे किडे निघाले, लाल मखमलीचे. पाय मोजा म्हटल्यावर निम्म्या वर्गानं न पाहताच ‘सहा’ लिहिलं. पानावर घेऊन भिंगातून मोजले तर आठ! म्हणजे हा नावाचाच किडा, गोत कोळ्याचं. मोजून झालं की ज्या जागेवरून उचलला त्याच जागी सोडून यायचं, हा नियम. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लागली की मधल्या सुट्टीत तिथंच बसायचं. उसाच्या पात्याची चिरफाळी काढून विणतो तो नर. अर्धं घरटं झालं की मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर पुढचं विणकाम, नाहीतर ते तसंच लोंबत राहतं. लोंबणारी अर्धी घरटी आम्ही मोजली होती. सतरा.

नवरात्रात घरोघरी घट बसले की बाई एकच विचारायच्या, “तुमच्या घटात टाकलेल्यांतले किती दाणे उगवले?” मग वर्गात ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं मांडून गुंडाळी करायची आणि आठवड्यानं उलगडून मोजायचे. शंभरातले जितके उगवले तितकी उगवणशक्ती. आज मी माझ्या सोयाबीनचं बियाणं पेरणीआधी असंच तपासतो. सत्तरच्या खाली भरलं तर ते पोतं बाजूला. त्याच दिवसांत हस्त लागायचा, मुलींचा हादगा सुरू व्हायचा, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला जायचा. ‘हत्तीचा पाऊस’ किती पडला तेही वहीत यायचं.

भाद्रपदात एसटीनं यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचो. जांभ्या दगडावर बोटभर माती, आणि तिच्यावर एवढी फुलं कशी, हा बाईंचा प्रश्न आम्हांला घरापर्यंत पुरायचा. सीतेच्या आसवांचं निळं फूल दिसायला नाजूक, पण मातीतल्या त्याच्या इवल्या पिशव्या बारीक जीव पकडतात. माती निकस, म्हणून नत्राची ही सोय. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात ‘सातारेन्सिस’ आहे, हे कळल्यावर वर्ग असा खूश झाला, जणू आमच्या गल्लीतल्या कुणाचं नाव पेपरात आलं. १९८२ साली शास्त्रज्ञांनी ते नाव दिलं, म्हणजे फूल डोंगरावर कधीपासूनचं, पण ते नाव आमच्यापेक्षाही लहान. टोपली कारवी दर सात वर्षांनी फुलते. “पाचवीत पाहिलीत तर पुढची बारावीत,” बाई म्हणाल्या. मी ती बारावीत खरंच जाऊन पाहिली, एकटा, सायकल ढकलत. २०१२ मध्ये कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आज सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्यांची रांग असते. जाणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती: दगडावरून चाला, फुलांवरून नको. तेवढ्याच बोटभर मातीवर सगळं उभं आहे.

हिवाळ्यात पाऊस नाही, मग काय मोजायचं? सावली. एक मीटरची लोखंडी सळई पटांगणात उभी केलेली. माध्यान्हीची सगळ्यांत आखूड सावली चुन्यानं खुणावायची. २२ डिसेंबरला ती ८७ सेंटिमीटर भरली. २१ मार्चला ३२. खुणा सळईकडे सरकत येताना पाहून आम्हांला परीक्षेपेक्षा त्यांचीच काळजी. मे महिन्यात सुट्टी लागली, तरी १० तारखेच्या सुमारास बाईंनी निरोप धाडला. दुपारी साडेबाराला तापलेल्या पटांगणात आम्ही पंधरा-वीस जण अनवाणी नाचत उभे, आणि सळईची सावलीच नाही! जूनमध्ये सूर्य आपल्याही उत्तरेला जातो आणि सावली दक्षिणेला पडते, पण तोवर आभाळ भरलेलं. ती खूण आमच्या वर्गाला कधी मिळाली नाही. त्या रकान्यातही ‘नोंद नाही’.

वर्गात माण तालुक्यातून मामाकडे शिकायला आलेला एक मित्र होता. त्याचा भाऊ गावाकडे तशीच बरणी बांधून दर महिन्याला कार्डावर आकडे पाठवायचा. त्याच्या गावचा आख्ख्या पावसाळ्याचा आकडा आपल्याकडे एका जुलैत गाठला जायचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, माणमध्ये पाचशेच्या आत, आणि दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. दुष्काळ हा शब्द मी त्या कार्डांवर शिकलो.

पुढे मी शेतीच करायची ठरवली. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. माझ्या बांधावर बरणी आहे, म्हणून मला ते पाळता येतं. एका वर्षी मृगाच्या दोन सरींवर शेजारीपाजारी पाभरी निघाल्या. घरात मलाही बोल लावले गेले. माझ्या वहीत बेरीज ४१ होती. मी थांबलो. पुढे अठरा दिवस उघडीप पडली आणि कितीतरी रानांत दुबार पेरणी करावी लागली. गेल्या जुलैत आईच्या आजारपणात चार दिवस साताऱ्याला होतो. परतल्यावर शेजारचे आप्पा म्हणाले, “पंचवीस-तीसचा झाला असेल रोज, टाक लिहून.” मी चार रकाने लाल शाईनं भरले.

बाई निवृत्त होताना ऋतुवह्यांपैकी तीन माझ्याकडे सोपवून गेल्या: १९८७, ८८ आणि ९१. त्या मी शाळेच्या या महोत्सवात शाळेच्याच ग्रंथालयाला देतो आहे, सोबत एक नवी बरणी आणि सळई. मधली ८९ आणि ९० ची वही कुणा माजी विद्यार्थ्याच्या माळ्यावर असणार. निळा पुठ्ठा, पहिल्या पानावर बाईंच्या वळणदार अक्षरात वर्ग आणि तुकडी. कोपरे कुरतडलेले असले तरी चालतील, पानं सुटली असली तरी चालतील. कृपया शाळेत आणून द्या.