बिपरजॉयच्या मागे राहिलेलं गार पाणी

13 जून 2023 ची सकाळ. बिपरजॉय चक्रीवादळ कच्छकडे सरकत होतं आणि बडोद्यात आमच्या टेबलावर एकाच समुद्राचे दोन नकाशे पडले होते. ते एकमेकांशी जुळत नव्हते.

वादळाचा इशारा देणं हे हवामान खात्याचं काम, आमचं नाही. जहाजवाल्यांसाठी आणि किनाऱ्यावरच्या कारखान्यांसाठी आम्ही समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाची रोजची टिपणी काढतो. त्या दिवशी पहिल्या नकाशात, म्हणजे उपग्रहाच्या इन्फ्रारेड (उष्णतेचे किरण टिपणाऱ्या) मोजमापावरच्या दैनिक नकाशात, 67 पूर्व रेखांशाच्या आसपास, 15 ते 18 उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात, पाणी अजून 30 अंशांच्या वर दिसत होतं. वादळ त्याच पट्ट्यातून नुकतंच वर गेलेलं. दुसऱ्या नकाशात, म्हणजे उपग्रहावरच्या मायक्रोवेव्ह सेन्सरच्या, तोच पट्टा दोन अंशांहून जास्त उतरलेला.

माझ्या तरुण सहकाऱ्याचा पहिल्या नकाशावर विश्वास होता. "दादा, मायक्रोवेव्हचं रिडिंग पावसाने बिघडलं असणार. पहिला नकाशा किती स्वच्छ आहे, एकही भोक नाही."

नेमकी तीच गोष्ट मला खटकत होती. शेकडो किलोमीटर पसरलेल्या ढगांखालचा समुद्र इन्फ्रारेडला दिसूच शकत नाही. भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-3डी समुद्राचं तापमान 10.8 आणि 12 मायक्रॉनच्या दोन चॅनेलमधल्या फरकावरून काढायचा आणि ढग आला की तिथलं मोजमाप संपायचं. मग स्वच्छ नकाशा येतो कुठून? बऱ्याच दैनिक नकाशांत आदल्या दिवसाचा नकाशा पाया म्हणून घेतात आणि नवीन निरीक्षण मिळेल तिथेच तो बदलतात. आठवडाभर ढग राहिले तर वादळापूर्वीचं गरम पाणी रोज नव्या तारखेने छापलं जातं. म्हणून रंग बघण्याआधी त्या नकाशासोबत येणारी त्रुटीची फाइल उघडावी. आमच्या पट्ट्यात अंदाजित त्रुटी आजूबाजूच्या समुद्रापेक्षा बरीच मोठी होती. तिथे निरीक्षण नव्हतं, भरणा होता.

तरी मायक्रोवेव्हला डोळे झाकून मान्यता देता येत नाही. जपानच्या उपग्रहावरचा एएमएसआर-2 हा सेन्सर 6.9 आणि 10.65 गिगाहर्ट्झवर ढगांच्या आरपार बघतो, पण त्याचे तीन दोष पक्के लक्षात ठेवावे लागतात. जोराच्या पावसात तो चुकतो. किनाऱ्याजवळ जमिनीचं उत्सर्जन त्याच्या नजरेत मिसळतं, म्हणून किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आतलं रिडिंग आम्ही वापरत नाही. आणि वादळाच्या गाभ्यात, जिथे वारा सेकंदाला 20 मीटरच्या वर जातो, तिथे फेसामुळे समुद्राची चमक बदलते. आमचा पट्टा किनाऱ्यापासून दूर होता आणि वादळाचा गाभा तिथून पुढे सरकला होता. उपग्रहाच्या दुपारच्या आणि रात्रीच्या, दोन्ही फेऱ्या (पासेस) वेगवेगळ्या लावल्या. पावसाचा शिक्का असलेले चौकोन गाळले. उरलेल्या चौकोनांत गार पट्टा दोन्ही पासेसमध्ये त्याच जागी होता.

शेवटची तपासणी इन्सॅटच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चित्रांवर केली. ढगांच्या फटीतून समुद्राचे थोडे पिक्सेल दिसतात, पण ढगाची पातळ कडा पिक्सेलमध्ये शिरली तरी ते गार दिसतात आणि फसवतात. ओळखायची खूण सोपी आहे: लागोपाठची चित्रं एकावर एक ठेवायची. ढगाचा गारवा वाऱ्यासोबत सरकतो, पाण्याचा गारवा जागचा हलत नाही. पहाटेची चित्रंच घ्यायची, कारण वारा पडलेला असेल तर दुपारच्या उन्हात समुद्राची वरची कातडी दोन-दोन अंशांनी तापते आणि खालचं पाणी तसंच असतं. फटीतले न हलणारे पिक्सेल मायक्रोवेव्हच्या बाजूने उभे राहिले.

सहकाऱ्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "एवढी उष्णता वादळाने पिऊन टाकली?"

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि आकडे मांडले की लगेच फिटतो. वरचा 30 मीटरचा थर 31 अंशांवर आणि त्याखालचे 30 मीटर सरासरी 27 अंशांवर आहेत असं धरा. मे-जूनमध्ये अरबी समुद्राचा वरचा मिसळलेला थर साधारण एवढाच उथळ असतो. वाऱ्याने 60 मीटरपर्यंत सगळं घुसळलं की पृष्ठभाग 29 वर येतो. दोन अंश गेले आणि हवेत काहीच गेलं नाही. आता बाष्पीभवन बघा. दर चौरस मीटरला 300 वॉट उष्णता जाते असं धरलं तर दिवसभरात सुमारे 2.6 कोटी ज्यूल होतात. 60 मीटर खोलीचं एक चौरस मीटर पाणी एका अंशाने गार करायला साधारण 24.5 कोटी ज्यूल काढावे लागतात. म्हणजे दिवसाला अंशाचा दहावा भाग. दुप्पट धरलं तरी पाचवा. वादळाला ऊर्जा बाष्पीभवनातूनच मिळते, पण समुद्राचा पृष्ठभाग गार होतो तो मुख्यतः खालच्या पाण्यामुळे, आणि वरची बरीचशी उष्णता फक्त खाली ढकलली जाते.

बिपरजॉयच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती: त्याची संथ चाल. कित्येक तास ते ताशी 10 किलोमीटरहूनही कमी वेगाने चाललं होतं. वेगाने जाणारं वादळ आपल्या वाटेच्या उजव्या बाजूला जास्त गार पाणी सोडतं. उत्तर गोलार्धात त्या बाजूचा वारा घड्याळाच्या दिशेने फिरत जातो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याचे प्रवाहही त्याच दिशेने वळतात, त्यामुळे वारा पाण्याला धक्का देतच राहतो. 17 अंश अक्षांशावर प्रवाहाचा एक फेरा सुमारे 41 तासांचा. पण वादळ रेंगाळलं की केंद्राखालचं पाणी चहूबाजूंनी बाहेर फेकलं जातं आणि खालचं गार पाणी वर यायला पुरेसा वेळ मिळतो. तेव्हा गारवा वाटेच्या मध्याकडेही येतो.

म्हणून केवळ पृष्ठभागाचं तापमान बघून वादळाचा जोर सांगू नये. पाणी 26 अंशांवर उतरतं ती पातळी किती खोल आहे ते बघावं. वरून 30 अंश दिसणारं उथळ गरम पाणी घुसळलं की संपतं. खोलवर गरम असेल तर वादळ पुरवून पुरवून वापरतं. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात नद्यांचं गोडं पाणी वर झाकणासारखं बसतं आणि घुसळण अडवतं, तिथे असा ठळक गार पट्टा पुष्कळदा उमटत नाही. 13 तारखेला बिपरजॉयचा जोर कमी झाला, पण त्याचं सगळं श्रेय गार पाण्याला देणं चुकीचं ठरेल. वरच्या आणि खालच्या वाऱ्यांतला फरक, मधल्या थरातली कोरडी हवा, दोन्ही तिथे असतात. 15 जूनच्या संध्याकाळी जखाऊजवळ किनाऱ्याला लागताना वारा ताशी 115 ते 125 किलोमीटर होता.

टिपणीत घटीचा आकडा टाकायचा तर कशातून वजा करायचं हा खरा पेच. केरळात मान्सून 8 जूनला पोचला होता आणि मान्सूनचे वारे स्वतःही अरबी समुद्र गार करतात. महिन्याच्या सरासरीतून वजा केलं असतं तर मान्सूनचा गारवाही वादळाच्या खात्यात गेला असता. आम्ही 3 ते 5 जूनची सरासरी पाया धरली आणि त्याच अक्षांशावर, वाटेपासून दूर एक चौकोन घेतला. त्या चौकोनातली घट वादळपट्ट्यातल्या घटीतून वजा केली. उरेल तेवढीच घट वादळाची म्हणायची.

दुपारी दहेजकडच्या एका कारखान्यातून फोन आला. समुद्राचं पाणी घेणारा इनटेक आहे, गार पाण्याची लाट येऊन हीट एक्स्चेंजरचा (त्या पाण्याने यंत्रणा थंड करणाऱ्या उपकरणाचा) हिशोब बदलेल का? त्यांना सांगितलं, नाही. खंभातचं आखात उथळ आहे आणि भावनगरला उधाणात पाणी 10 मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ती भरती-ओहोटी पाणी तळापर्यंत आधीच घुसळून ठेवते. वर आणायला खाली गार थरच नाही. इनटेकवर त्रास होईल तो गाळाचा. स्क्रीनच्या, म्हणजे इनटेकवरच्या गाळणीच्या जाळीच्या, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दर तासाला नोंदवा आणि स्क्रीन धुण्याचे पंप दोन्ही चालू स्थितीत ठेवा, एवढं सांगून टिपणी रवाना केली.