सेफ्टी स्टॉप अपडेट: दोरी सुटली एकदाची!

मंडळी, नेत्राणी बेटाजवळच्या स्कूबा डाइव्हला सेफ्टी स्टॉपवर, म्हणजे वर येण्याआधी थांबतात तिथे, पाच मीटर खोलीवर पूर्ण तीन मिनिटं थांबलो, अँकरच्या दोरीला हात न लावता!! मागची अपडेट वाचलेल्यांना माहितीये, बाकी डाइव्ह मस्त व्हायचा आणि नेमका सेफ्टी स्टॉपला मी बुचासारखा वर निघायचो, तरंगायला हवा भरतात ते जॅकेट पूर्ण रिकामं असूनही. जो तो म्हणे श्वास सोड, श्वास सोड. अरे किती सोडू?

घोळ टाकीत होता. आपली नेहमीची अकरा लिटरची अ‍ॅल्युमिनियम टाकी २०० बारवरून (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ५० बारला आली की जवळजवळ दोन किलो हवा संपलेली असते, म्हणजे सुरुवातीला बुडणारी टाकी शेवटी तरंगायलाच बघते. आणि वेट चेक, म्हणजे अंगावर किती वजन लावायचं याची चाचणी, बहुतेक ठिकाणी करतात कधी, तर उडी मारल्या मारल्या, भरल्या टाकीवर! या वेळी इन्स्ट्रक्टरने उलटं केलं, शेवटी ५० बार उरल्यावर पाच मीटरला जॅकेट रिकामं करायला लावलं आणि एकेक किलोचं वजन हातात देत गेला. दुसऱ्या किलोला मी जागच्या जागी. श्वास घेतला की हळूच वर, सोडला की हळूच खाली, आहाहा.

कमी वजन लावतो तो भारी डायव्हर, हे खूळ आपल्याकडे फार. पण उगाच जास्तही नको, ते सावरायला जॅकेटमध्ये हवा भरावी लागते आणि दहा मीटरवरून वर येईपर्यंत तीच हवा दुप्पट फुगते.

पुढच्या डाइव्हला ते दोन किलो बेल्टला लावले तर पाय खाली लोंबायला लागले आणि प्रत्येक किक मला वर ढकलायला लागली, मग वजनाचे पाऊच टाकीच्या वरच्या पट्ट्याला अडकवले आणि झालो एकदाचा आडवा. पाऊच बकलवालेच घ्या हां, वेल्क्रोत वाळू बसली की संपलं.

आता डीएसएमबी (पाण्याखालून दोरीवर वर सोडायचा फुगवता बॉया, आपण कुठे आहोत ते दाखवायला) सोडायला शिकायचं होतं, पण लिहिता लिहिता सुचलं, आधी पुण्याच्या पूलमध्ये पाण्याखाली अधांतरी तरंगत मास्क काढून परत घालायचा सराव करतो, दिसत नसताना खोली टिकली तर हात बॉयात गुंतले तरी टिकेल. (गोडं पाणी, तिथे दोनेक किलो कमी लावायचे.) बॉयाच्या दोरीला स्पूल (साधं रीळ) घेऊ की रील (हँडलवाली फिरकी)? मला रील नकोच वाटतंय, जॅम झालं आणि हातातून सुटलं नाही तर बॉयाबरोबर आपणही वर.