थळ घाट नीट बघायचाय? मग मुंबईहून नाशिकला येताना कल्याणहून दिवसाउजेडी बसा

मुंबईत काहीच काम नव्हतं, फक्त थळ घाट (कसारा-इगतपुरीमधला रेल्वेचा घाट) डोळे भरून बघायचा म्हणून भर पावसात निघालो. सकाळी नाशिकरोडहून मुंबईची पंचवटी एक्सप्रेस धरली. १९७५ पासूनची ही आपल्या नोकरदारांची गाडी, त्यामुळे पासवाल्यांचे डबे वेगळे असतात, रिझर्व्हेशन करा आणि डबा बघूनच चढा. देवळाली, अस्वली, घोटी... भाताची खाचरं तुडुंब भरलेली. इगतपुरीला घाट उतरण्याआधी ब्रेक तपासतात, तेवढ्यात चहा होतो.

आता या घाटाचं सांगतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदर-ठाणे १८५३ ला धावली, कसाऱ्यापर्यंत रूळ यायला १८६१ उजाडलं आणि तिथून इगतपुरी, म्हणजे जेमतेम १५-१६ किलोमीटर, त्याला १८६५! मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले १८६२ लाच गेले, त्यांना हा घाट चालू झालेला बघायला मिळाला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. चढ १:३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. एहेगावचा पूल १८२ फूट उंच. बोगद्यांच्या तोंडाशी कातळ खिडकीच्या इतका जवळ येतो की त्या काळी सुरुंग लावून माणसांनी हे कसं फोडलं असेल असं वाटून अंगावर काटा येतो.

पण खरी मजा येताना. पंचवटी संध्याकाळी परतते, घाटात अंधार, काही दिसत नाही. म्हणून कल्याणहून दुपारची जनशताब्दी घेतली, आणि मुद्दाम शेवटच्या डब्याच्या जवळची सीट. कसाऱ्याला गाडी थांबली की मागून बँकर इंजिनं येतात, हळूच टेकतात, खडाक आवाज, डब्याला एक हिसका, आणि मग पुढचं इंजिन ओढतंय, मागची ढकलतायत, पाठीला तो रेटा जाणवतो राव! इगतपुरीला ती सुटतात. राजधानीला आता पुढे-मागे स्वतःचीच इंजिनं असतात, तिच्यात हे बघायला मिळणार नाही.

जुलै-ऑगस्ट बेस्ट, पण दरडी पडून गाड्या रखडतात, त्यामुळे निघायच्या आधी रनिंग स्टेटस बघा, त्याच दिवशीची दुसरी कामं ठेवू नका. पोरं बरोबर असतील तर दारात अजिबात उभं राहू देऊ नका, बोगद्यात भिंत फार जवळ असते. आणि गाडी चुकलीच तर कसारा लोकलने या, स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर टॅक्सी मिळतात, घाट मात्र मग रस्त्यानेच.